जावयाचा तास आणि काहिलीतला गूळ

इंग्रजीतल्या तीन अक्षरांच्या एका शब्दापायी माझ्या सासऱ्यांचा काहीलभर गूळ करपला. शब्दाची त्यात काहीही चूक नव्हती.

मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. सासुरवाडी रहिमतपूरच्या पलीकडची, उसातली. सासरे, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मुलगा फौजेत, पुतण्या फौजेत, आणि जावई? तर "पोरांना एबीसीडी शिकिवत्यात." (हे आबांचं वर्णन. मी दहावीचे वर्ग घेतो!) आबांसमोर एकदा तरी आपली विद्या दाखवावी, ही माझी लग्नापासूनची इच्छा होती.

गेल्या हिवाळ्यात मेहुण्याला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली. रविवारी बारसं ठरलं. आबांनी खत-औषध न मारता वाढवलेला उसाचा एक छोटा तुकडा त्यासाठी राखून ठेवला होता. "पहिली ढेप औंधला यमाईला, आन् बाकीचा गूळ पाव्हण्यांना. माझ्या नातीच्या नावाचा!" असं ते फोनवर चार-चारदा सांगत. त्या उसाच्या रसाने एकच काहील, म्हणजे गुऱ्हाळातली मोठी कढई, भरणार होती. दुसरीची सोय नव्हती.

शुक्रवारी आम्ही गुऱ्हाळावर हजर झालो. मी उत्साहाने मदतीला धावलो. चिपाडं उचलायला गेलो, तर बोटात कुसळ घुसलं. उकळत्या रसावरची मळी काढायला झारा घेतला, तर चष्म्यावर वाफ धरली आणि झारा माझ्याच पायावर पडला. शेवटी सासूबाईंनी काहिलीखालच्या चुलवाणापासून चार हातांवर खाट टाकली.

"पाव्हणं, तुमी निस्तं बसा. तेवढीच मदत."

काहिलीपाशी नामूतात्या होते. हे गुळव्या. रस कधी गुळाला आला आणि काहील नेमकी कधी उतरवायची, हे फक्त त्यांच्या डोळ्याला कळे. रस आटत आला की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही, असा गुऱ्हाळावर नियम असतो. हे मला नंतर कळलं.

नुसतं बसवेना म्हणून मी विचारलं, "तात्या, नातू काय करतो हल्ली?"

"पुण्यात सेट झाला की!"

झालं! माझ्यातला मास्तर ताडकन उठून बसला.

"तात्या, या 'सेट'ला इंग्रजीत किती अर्थ आहेत, ठाऊक आहे? डिक्शनरीत पानंच्या पानं!"

"व्हय?" तात्यांनी काहिलीवरची नजर काढून माझ्याकडे लावली. तिथेच घात झाला.

मी सुरू झालो. कपबश्यांचा तो सेट. सूर्य मावळला तरी सेट, दही विरजलं तरी सेट. मोडलेलं हाड बसवलं, सापळा लावला, गजर लावला, परीक्षेचा पेपर काढला, सगळं सेटच!

"आमच्या युनिटला वायरलेसचा सेट व्हता," शेजारी बसलेले आबा म्हणाले.

आबांनी आपणहून उदाहरण दिलं! बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी आनंदाने "शाब्बास!" म्हणालो. (सासऱ्यांना!)

"आता समानार्थी शब्द बघू," म्हणत मी खाटेवरून उठून उभा राहिलो. ठेवणे, मांडणे, बसवणे, ठरवणे... हवेत एक खमंग वास येऊ लागला होता. मला वाटलं, गूळ असाच होत असेल. तात्यांची चुळबुळ सुरू झाली. एकदा तर झारा घेऊन ते अर्धवट उठले. वर्गात उठणाऱ्या पोराला दाखवतो तसा मी हात दाखवला.

"थांबा तात्या, एवढं एक वाक्य!"

ते बसले. आबा खाकरले. मी आवाज वाढवला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, तेव्हा तर मला धन्य वाटलं. इंग्रजी शब्दसंपत्तीने एवढा गहिवरलेला माणूस मी नोकरीत पाहिला नव्हता.

इतक्यात बायको चहा घेऊन आली आणि लांबूनच ओरडली, "अहो, गप्प बसा की! गूळ जळतोय!"

सुटीची घंटा व्हावी तशी सगळी मंडळी उठली. काहील ओढली, गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. डांबर बरं, असा रंग!

"नामू, तुला वास आला न्हाई रं?" आबांनी विचारलं.

"आला की."

"मग उठला का न्हाईस?"

"आवं, घरचं जावई बोलत्यात. मधीच कसं उठायचं? तुमी सासरं, तुमी तरी सांगायचं!"

"मी सांगितलं असतं, तर पाव्हण्यांचा अपमान झाला असता."

म्हणजे सगळ्यांना कळत होतं! माझा मान राहावा म्हणून नातीच्या बारशाचा गूळ या माणसांनी डोळ्यांदेखत जाळला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यमाईला बाजारातली ढेप गेली. (देवीशी मस्करी नको.) पण बाकीच्यांना आबांनी तोच गूळ वाटला. "नातीच्या नावाचा हाय, टाकायचा न्हाई." गावातल्या एका म्हाताऱ्याने खडा पाव तास चघळला आणि विचारलं, "सुभेदार, ह्यो गूळ हाय का खडीचा तुकडा?" पुण्याचे पाहुणे मात्र हरखले. "ऑरगॅनिक असाच काळा असतो!" म्हणत त्यांनी दोन-दोन ढेपा मागून नेल्या. आबा मिशीत हसले. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पाव्हणं, शिकवता मातुर झ्याक. नामूला अजून समदं पाठ हाय."

साताऱ्यापर्यंत मी जमिनीपासून दोन बोटं वर होतो.

यंदा ऊस तयार झाला आणि आबांचा स्वतःहून फोन आला. "जावईबापू, तुमी गावाकडं कवा येणार?"

मी गहिवरून म्हणालो, "याच आठवड्यात येतो की, आबा!"

"लय ब्येस," आबा म्हणाले. "मग आमी पुढच्या आठवड्यात चुलवाण पेटवतो."