हुंकारा आणि पोच

देवासच्या पॉलिटेक्निकात मी बावीस वर्षं एकच विषय शिकवते आहे: एका यंत्राने पाठवलेलं दुसऱ्याला नीट मिळालं की नाही, हे कसं ओळखायचं. पाठवणाऱ्याचं काम पाठवून संपत नाही, पोच आल्यावर संपतं. समोरच्याला झेपेल तेवढंच पाठवायचं, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा, आणि पोच आली नाही तर ठरलेला वेळ थांबून तोच तुकडा त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचा. हे मी हिंदीत समजावते, फळ्यावर इंग्रजीत लिहिते आणि झोपेतून उठवलं तरी चुकत नाही. बढाई वाटली तर वाटो, माझ्या विषयात सहसा कोणी नापास होत नाही.

आईशी फोनवर बोलताना मात्र यातलं मी काहीही करत नव्हते.

आई धारला एकटी राहते. तिचं भजनी मंडळ, तिची भाजीवाली, तिला ‘माताजी’ म्हणणारा ऑटोवाला, सगळे तिथेच. दादा बागलीला धान्याचा व्यापार करतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची गोळी बदलली. मी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं: पांढरी बंद, गुलाबी सकाळी अर्धीच, मीठ कमी, पाणी भरपूर, सोमवारी रक्त तपासायला जायचं. प्रत्येक वाक्यावर ती ‘हो’ म्हणत होती. पाच वाक्यं, पाच ‘हो’. मी समाधानाने फोन ठेवला.

आमच्या घरात मोठं माणूस सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा, ही जुनी रीत. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा हुंकारा थांबला की तीही थांबायची. पण हुंकाऱ्याचा अर्थ ‘मी जागी आहे, चालू दे’ एवढाच. ‘समजलं’ असा नाही. हे मला तिनेच शिकवलेलं, आणि तरी तिच्या ‘हो’ला मी पोच समजले.

पुढे रोज सकाळी मी तिला गोळीची आठवण करू लागले. अर्ध्या तासाने दादाचाही फोन जायचा, कारण माझ्यावर त्याचा भरवसा नाही. चौथ्या दिवशी आई बाजारात चक्कर येऊन पडली. ऑटोवाल्याने तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी धावतपळत धारला पोचले. गोळ्यांची पट्टी पाहिली तर हिशेबापेक्षा जास्त संपलेली.

“अगं, अर्धीच घ्यायची होती ना?”

“अर्धीच घेतली,” आई म्हणाली. “तुझा फोन आला की अर्धी तुझी, दादाचा आला की अर्धी दादाची.”

तोच निरोप दोनदा गेला आणि तिने तो दोन निरोप म्हणून घेतला. वर्गात मी यावर अख्खा तास घेते. मला इतकी लाज वाटली की तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

दादा मात्र एकदम गरम झाला. “बस हो गया. घराला कुलूप लाव, आई बागलीला येणार.”

“मी इथून हलणार नाही,” आई भिंतीकडे बघत म्हणाली.

“मला एक महिना दे,” मी दादाला म्हटलं. “हा माझा विषय आहे.”

“एक महिना. पुन्हा एक चूक झाली तर मी गाडी घेऊन येतो.”

मी नियम बसवले. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि आईने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. रोजच्या गोळीला क्रमांक. दादाने फोन केला तरी क्रमांक तोच, म्हणजे गोळीही तीच. उरलेली अर्धी गोळी एका डबीत ठेवायची: एक दिवस डबीत अर्धी असणार, दुसऱ्या दिवशी नसणार. एवढ्यावरून मला चूक पकडता यायची. गोळी घेतली की आठ वाजता तिने मला एक रिंग देऊन फोन ठेवायचा. रिंग नाही आली तर दहा-दहा मिनिटांनी तीनदा मी तिला फोन करणार, मग शेजाऱ्यांना.

“आणि माझी रिंग तुला मिळाली, हे मला कसं कळायचं?” आईने विचारलं. “तूही एक परत दे.”

पोचेची पोच मागत बसलं तर अंत नाही, हे मी मुलांना सांगते. आईपुढे चाललं नाही. मी कबूल झाले.

पंचवीस दिवस एकही चूक नाही. मी दादाला रोज ऐटीत कळवत होते.

सव्विसाव्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती. साडेसातला फोन ऑफिसात जमा केला आणि आईला सांगायचंच विसरले. दोन पाळ्या संपवून एक वाजता बाहेर आले, तर फाटकावरचा चौकीदार म्हणाला, “मॅडम, ये माताजी साढ़े बारह से बैठी हैं. पेपर चल रिया था, अंदर खबर नी दे सकते थे.”

त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बस करून, एकटी. मला पाहताच ती उठली, माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

“तुझी रिंग परत आली नाही. तीनदा दिली.”

“दादाला विचारायचं होतंस.”

“त्याने मलाच घरी बसवून ठेवलं असतं.”

तिने पिशवीतून वही काढून दिली. माझी शाळा हिंदीत झाली, मराठी मी बोट ठेवून वाचते. तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘क्रमांक २६. अर्धी घेतली. डबी रिकामी. तीनदा रिंग दिली. पोच नाही. देवासला निघाले.’

जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांसमोर मी ढसाढसा रडले. मग तिथूनच दादाला फोन लावला आणि ते पान वाचून दाखवलं.

“हूं,” तो म्हणाला.

“हूं नको. काय समजलं ते सांग.”

“आई धारलाच राहील,” तो म्हणाला.

अडीचच्या परतीच्या बसमध्ये तिने मला चढू दिलं नाही. सव्वासहाला धारहून तिची रिंग आली. मी लगेच एक परत दिली.