पेन खाली ठेवणारे निरगुडे डॉक्टर

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द कानावर पडला, की निरगुडे डॉक्टर पेनाला टोपण लावून ते खाली ठेवीत. मग बोलणारी रुग्णाची आई असो, परिचारिका असो की मुंबईहून आलेला एखादा तज्ज्ञ. “तो माझा शब्द आहे, माझ्यासाठी ठेवा,” ते म्हणत. “तुम्ही काय पाहिलंत तेवढं सांगा.” सांगणाऱ्याने ‘अंगावर उठलं’ म्हटले, की प्रश्नांची सरबत्ती सुरू होई. कुठे उठलं? किती वेळाने? त्याआधी काय खाल्लं, काय लावलं? समाधान झाल्याखेरीज टोपण निघत नसे. बाहेर खोळंबलेले लोक चुळबुळत. मी तर उघड चिडत असे.

मी म्हणजे निरगुडे डॉक्टर जिथे होते, त्याच नाशिकमधल्या धर्मादाय रुग्णालयाच्या नोंदी विभागाचा प्रमुख. एखाद्या मुलाला लस दिली नाही, तर न देण्याचे कारण सांकेतिक क्रमांकाने नोंदवणे हे माझ्या विभागाचे काम. हा परिचय मिरवण्यासाठी देत नाही. मला बोलण्याचा अधिकार आहे, हे कळावे म्हणून देतो. कारण डॉक्टरांच्या शोकसभेत जे ऐकले, त्याने माझे चित्त अजून थाऱ्यावर नाही. एक वक्ता म्हणाला, “निरगुडे सर अ‍ॅलर्जी वगैरे मानतच नसत.” दुसऱ्याच्या मते सायखेड्याच्या एका मुलीला त्यांनी देवावर हवाला ठेवून लस टोचली. तिसऱ्याने तर तिच्या आजीला त्यांनी सर्वांदेखत कसे फैलावर घेतले, ते रंगवून सांगितले. तिघांपैकी एकही त्या खोलीत नव्हता. मी होतो. मी उभा राहिलो, तर सूत्रसंचालकाने ‘वेळेअभावी’ मला खाली बसवले.

मानत नसत? गोवराची लस टोचल्यावर एका मुलाचे ओठ सुजले, श्वास कोंडला, तेव्हा ह्याच डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध टोचून त्याला सावरले होते. मग कोणती लस, किती वेळाने काय झाले, डोळ्यांनी कोणी पाहिले, हे सारे स्वतः लिहून मुलाच्या वडिलांकडून मोठ्याने वाचून घेतले. “ह्या पोराला तो शब्द लागू आहे. ही लस ह्याला पुन्हा नाही. म्हणूनच तो शब्द वाटेल त्याच्या कार्डावर लिहायचा नाही.” मी म्हणालो, एवढ्या मजकुराचे मी काय करू, मला क्रमांक हवा. “क्रमांक तुम्ही द्या, दामले. पोराने काय सोसलं, ते क्रमांकाला ठाऊक नसतं.” ह्यावर मी दिलेले उत्तर इथे लिहिण्याजोगे नाही. आमचे असेच चाले.

आता सायखेड्याची मुलगी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मनीषा पाचेक वर्षांची. शेतात गंजका खिळा तळपायात खोल रुतलेला. धनुर्वाताची लस देणे भाग होते. पण तान्हेपणी त्रिगुणी लस टोचली, तेव्हा मांडीवर मोठाले फोड आले होते. त्या लसीत धनुर्वातावरची लसही असते. गावाकडच्या कोणा डॉक्टरने कार्डावर लाल शाईने लिहून ठेवले होते: ‘लसीची अ‍ॅलर्जी, पुढे देऊ नये.’ त्यानंतर पोरीला एकही लस मिळाली नव्हती.

“टोचायचं नाय साहेब,” वडील दारातूनच म्हणाले. “कार्डावर लिव्हलंय. पोरगी जायची माझी.”

“आणि न टोचता गेली तर?” डॉक्टरांनी विचारले आणि पेन खाली ठेवले.

वडिलांना काही आठवत नव्हते. आई बाळंतीण, घरी. आजी सोबत आली होती, ती सांगू लागली. “दुसऱ्या दिशी मांडी सुजली. लाल लाल झाली.”

“आणि फोड?”

“त्याच्या मागनं.”

“मधे काय लावलंत?”

“काय नाय.”

पोरगी हुंदके देत होती, वडील आतबाहेर करत होते, मी अंगाचा भार ह्या पायावरून त्या पायावर टाकत उभा होतो. डॉक्टरांनी वडिलांना बिस्किटे आणायला पिटाळले. मग पँट गुडघ्याच्या वर ओढली. “हे बघा आजी. गुडघा सुजला म्हणून माझ्या आईनं बिब्बा लावला होता. फोड आले. वण अजून आहे.”

म्हातारी त्या वणाकडे पाहत राहिली. मग पदर तोंडाशी गेला. “सूज उतराया लावला रं दादा. वाईट कराया का लावला म्या?” आणि लगेच, “पर लिवू नगा. सुनंच्या माहेरची मला जगू द्यायची नाय.”

“कोणी लावला, हा प्रश्न माझ्या कागदावर नाही, आजी.”

त्यांनी आवाज चढवला नाही, हे मी ठणकावून सांगतो. श्वास, उलटी, चेहऱ्याची सूज, सगळे विचारून झाले. वडिलांची समजूत घातली. हवाला देवावर नव्हता. उलटले तर द्यायचे औषध सुईत भरून टेबलावर ठेवले होते. मग लस टोचली, पोरीला समोर बसवून घेतले आणि तिच्यावरची नजर हलवली नाही. तिने बिस्किटाचा पुडा संपवला. तेव्हा कुठे टोपण निघाले. लाल ओळ खोडून त्यांनी लिहिले: ‘फोड बिब्ब्यामुळे. लसीचा दोष नाही. पुढील लसी द्याव्यात.’

तिघे बाहेर पडताच मी हरकत घेतली. अर्धवट नोंद माझ्या विभागात चालत नसे. कोणी लावला, तेही हवे.

“पोरीला काय टोचायचं ते ठरवायला ते लागत नाही, दामले. म्हातारीला मात्र त्या घरात राहायचंय.”

मला ते पटले नाही. पुढच्या मात्रेपर्यंत आमचे बोलणे बंद होते.

त्या मात्रेसाठी आजीच मनीषाला घेऊन आली, मनीषाचे वडीलही होते. बाकावर तान्ही लेकरे घेतलेल्या बायका बसल्या होत्या. एकीने विचारले, टोचल्यावर सुजतं, तर काय लावावं? मी डॉक्टरांच्या टेबलापाशी होतो. उघड्या दारातून आजीचा आवाज स्पष्ट आला.

“काय बी लावा, पर बिब्बा लावू नगा गं बायांनो. ह्या पोरीला म्या लावला व्हता. फोड त्याचं. टोचण्याचं नव्हं.”

तिचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने आईकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे.

पुढे ती म्हातारी हयात होती तोवर गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला हेच सांगत असे. म्हणूनच आज मी तिचे नाव न घेता का होईना, हे लिहू शकतो. त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी टोपण काढून पेन माझ्यापुढे धरले.

“घ्या दामले. आता तिनंच सांगितलंय. लिहायचं तर लिहा.”

मी पेन घेतले. कार्ड उघडेच होते. मी लिहिले नाही.