सापडलेबाईंचा सर्व्हर

आमच्या बसस्थानकात हरवलेल्या वस्तूंची खोली सगळ्यात मागे, मालाच्या लिफ्टच्या पलीकडे आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे सापडलेबाई म्हणतात. एकदा स्थानकप्रमुखांनीच लाउडस्पीकरवरून तसं म्हटलं आणि त्यांचं खरं नाव मागे पडलं ते पडलंच. मी पुढच्या टोकाला, चौकशीच्या खिडकीत बसतो. कुणी येऊन म्हणालं, "छत्री राहिली हो बसमध्ये," की मी बाईंना फोन लावायचो. त्या रिसीव्हर टेबलावर ठेवून मांडणीकडे जायच्या आणि मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत बसायचो. समोर रांग वाढत जायची.

बाईंचा स्वभाव छडा लावण्याचा. एकदा पिशवीत एकच बूट आला, शिवणीत प्लास्टरची धूळ. बाईंनी त्या मार्गावर बांधकाम कुठे चालू आहे ते ड्रायव्हरांना विचारून दुसऱ्या बुटाचा मालक शोधून काढला. "मालक भेटला हे बरंच झालं," त्या मला म्हणाल्या, "पण बूट एकटा का फिरत होता, ते कळलं तेव्हा मला बरं वाटलं." तो दुरुस्तीला चालला होता.

त्यांची धाकटी नणंद दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत आहे. कॉलेजात असताना, वहिनीच्या खोलीच्या गमती ऐकून, तिने हरवलेल्या वस्तू शोधायचा एक प्रोग्राम लिहिला होता. परीक्षा झाली, मार्क मिळाले, प्रोग्राम पडून राहिला. गेल्या हिवाळ्यात तिकीटघराने एक जुना संगणक काढून टाकला, तो बाईंनी मागून घेतला आणि नणंदेला फोन केला. तिने फाइल पाठवली. सोबत सांगितलं, "वहिनी, आधी जावा टाक, त्यावरच हे सगळं चालतं. मग टॉमकॅट नावाचा सर्व्हर उतरवून घे, तो चालू कर, त्याच्या फोल्डरमध्ये ही फाइल ठेव. झालं."

दुपारच्या सुटीत मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या 'झालं'ने बाईंना घाम फोडला होता.

"सर्व्हर म्हणजे काय ते कळलं का?" मी विचारलं.

"एका जागी बसून राहायचं आणि जो जे मागेल ते त्याला काढून द्यायचं. माझंच काम की. पण हा टॉमकॅट, म्हणजे बोका, बसायलाच तयार नाही."

त्यांनी सर्व्हर चालू करायच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. एक काळी खिडकी लुकलुकली आणि नाहीशी झाली. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच.

"बिघडलाय," मी म्हणालो.

"काहीतरी बोलून जातोय तो," बाई म्हणाल्या. "ऐकायला आपण कमी पडतोय."

त्यांनी फोनवरून नणंदेला एवढंच विचारलं की ही खिडकी थांबवून ठेवायची कशी. आधी आपण काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात सर्व्हरची आज्ञा टाइप करायची, म्हणजे निरोप पुसला जात नाही, असं तिने सांगितलं. तसं केल्यावर एक ओळ दिसली. बाईंनी ती बोट ठेवून वाचली. जावा कुठे ठेवलंय हे सर्व्हरला माहीत नव्हतं, आणि तो पत्ता जावा होम या नावाने सांगावा लागतो, असा तिचा अर्थ निघाला.

"जावा तर याच संगणकात आहे," मी म्हणालो.

"छत्र्याही याच खोलीत आहेत. तुम्हाला सापडतील का, मी सांगितल्याशिवाय?"

त्यांनी पत्ता भरला. तरी बोका हटून बसला. घास तोंडात तसाच ठेवून बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग लक्षात आलं की त्यांनी आतल्या बिन नावाच्या फोल्डरपर्यंतचा पत्ता दिला होता. सर्व्हरला घराचा पत्ता हवा होता आणि यांनी थेट स्वयंपाकघराचा दिला होता. शेवटचा शब्द काढला, काळी खिडकी नव्याने उघडली, आणि या वेळी ओळी भराभर धावू लागल्या. ब्राउझरमध्ये सर्व्हरचं स्वतःचं पान उघडलं. डब्यातली पोळी एव्हाना वाळली होती.

दुसऱ्या दिवशी वेगळंच नाटक. बाईंनी नणंदेची फाइल जागेवर ठेवली, सर्व्हर पुन्हा चालू केला, तर तो म्हणे, आठ हजार ऐंशी हा पोर्ट आधीच कुणीतरी वापरतंय. पोर्ट म्हणजे सर्व्हर ज्या खिडकीत बसतो तिचा नंबर, हे बाईंनीच मला समजावलं.

"कोण येऊन बसलंय तिथे?" मी म्हणालो. मला व्हायरसची शंका आली होती आणि मी ती बोलूनही दाखवली.

बाईंनी खालच्या पट्टीवर एकेक खिडकी उघडून पाहिली. सकाळी चालू केलेला सर्व्हर त्यांनी लहान करून ठेवला होता आणि तो इमानेइतबारे तिथेच बसला होता. "स्वतःच बसवलेल्या माणसाला चोर ठरवत होतो आपण," त्या म्हणाल्या आणि किती तरी वेळ हसत राहिल्या. जुना बंद केला, नवा चालू झाला.

पण नणंदेचं पान काही उघडेना. पडद्यावर चारशे चार, म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही. नाव तपासलं, अक्षरं तपासली, सगळं जिथल्या तिथे. संध्याकाळी नणंदेला फोन झाला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला होता.

"वहिनी, सगळं काढून टाक आणि नव्याने टाक. आम्हीसुद्धा तेच करतो."

"मग का चालत नव्हतं ते कसं कळणार?"

"कळायला कशाला हवं? चाललं म्हणजे झालं."

"तुझं हे 'झालं' ना," बाई म्हणाल्या. "हा सगळं कुठे लिहून ठेवतो की नाही?"

"ठेवतो. लॉग नावाचा फोल्डर बघ. पण अगं, पानंच्या पानं असतात, वेड लागेल."

बाईंनी ते उघडलं. भिंतीसारखा मजकूर. मी तर उठून उभाच राहिलो, माझी बस होती. पण बाईंनी मला थांबवलं, कारण त्यांना एक गोष्ट दिसली होती. वरच्या ओळी नुसता आरडाओरडा करत होत्या, आणि खाली 'कशामुळे' असं म्हणणारी एक ओळ होती. तिच्यात एक नाव होतं, ते सर्व्हरला सापडत नव्हतं. बाईंनी ते अक्षर अक्षर करून नणंदेला वाचून दाखवलं. त्यात सुरुवातीला 'जावाएक्स' होतं.

"थांब," नणंद म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. "वहिनी, सर्व्हर कुठला उतरवलास? नवा?"

"सगळ्यात नवा. चांगला म्हणून."

"तिथेच घोळ आहे. मी प्रोग्राम लिहिला तेव्हा सर्व्हरच्या या भागांची नावं जावाएक्सने सुरू व्हायची. मधे ती बदलून जकार्ता केली. माझा प्रोग्राम जुन्या नावाने हाक मारतोय आणि नव्या सर्व्हरमध्ये त्या नावाचं कुणी राहतच नाही."

"म्हणजे लग्नानंतर माझं टपाल परत जायचं तसं," बाई म्हणाल्या. "माणूस तेच, घरात बसलेलं, आणि पोस्टमन म्हणतो, या नावाचं इथे कुणी नाही."

नणंद हसली. मग जरा थांबून म्हणाली, "किती वर्षांनी मी लॉग ऐकला गं. वाचून दाखव ना अजून, वर काय काय आहे."

दोघी बोलत राहिल्या. माझी बस गेली ती गेलीच. पुढच्या बसची वाट बघत मी स्टुलावर बसून ऐकलं. नवा सर्व्हर बंद केला, त्याची आधीची आवृत्ती उतरवली, तिच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली. पान उघडलं. साधंच होतं, निळ्या पट्टीचं, शोधायची एक चौकट आणि खाली कॉलेजच्या वयातल्या नणंदेने काढलेली एक वाकडी छत्री.

पुढचे काही दिवस बाई मांडणीवरच्या वस्तू त्यात भरत बसल्या. माझ्या खिडकीतून मात्र पान दिसेना; त्यांच्या संगणकाची सुरक्षाभिंत बाहेरच्यांना आत घेत नव्हती. तेही त्यांनी मला तीन वेळा फेऱ्या मारायला लावून शोधलं. मग एका सकाळी माझ्या पडद्यावर निळी पट्टी आली. फोनवर बाई म्हणाल्या, "काहीतरी शोधा बघू."

काय शोधावं सुचेना. मी 'मफलर' लिहिलं. राखाडी, एक टोक उसवलेलं, कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये सापडलेलं, अशी एक नोंद आली. मी ती ओळ पुन्हा वाचली. माझ्या बहिणीने विणलेला होता तो. हरवल्याचं तिला सांगायला नको म्हणून मी तसाच दुसरा विकत आणला होता, आणि मागच्या खोलीत विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "मफलर माझा आहे."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा.

"खूण सांगा," त्या परत येऊन म्हणाल्या. "उसवलेलं टोक तर मीच लिहिलंय, ते चालायचं नाही."

मी आतल्या बाजूला घातलेली लाल गाठ सांगितली. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "या घेऊन जायला. आणि येताना सांगा, कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये तुम्ही मफलर काढता कशाला?"