बाहेरून कुलूप

माही वहिनी वनमाला स्वतःले घरात कोंडून घेते, हे कोणाले सांगितलं का लोक आधी माह्या भावावर संशय घेतात. देवीदास बिचारा दिवसभर रेल्वेच्या मालधक्क्यावर असतो. कुलूप लावते माही आई, अंजनाबाई. आणि लावा म्हणते ती वनमालाच.

रायपूर राजधानी झालं तशी शंकर नगरात साहेबलोकाइची घरं भरली. त्याइच्या बायकाइले ब्लाउज शिवून पाहिजे. वनमाला तिथंच एका दुकानात होती. कापड मास्टर कापे, ही मशीन चालवे. हात असा साफ, का बाया हिचंच नाव घेऊन येत. मग हिनं हिंमत केली, नोकरी सोडली आणि गुढियारीत आमच्या घरच्या समोरच्या खोलीत मशीन मांडली.

आणि मग काय, एक ब्लाउज वेळेवर जाईल तर शपथ. घरी बसून काम म्हणजे बाई रिकामीच, असं साऱ्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, मत. कोणी हळद मागाले येई, कोणी नुसतीच टेकाले. पण खरं सांगते, लोकाइचा दोष अर्धाच. भारी कापडाले कैची लावाची हिले धास्ती. एकदा कापलं ते कापलं, मागे मास्टर नाही. म्हणून बसली का उठे. मेथी निवडे, रिळं रंगानं लावे, धुतलेला ओटा पुन्हा धुवे. दारावर कोणी आलं का हिच्या जीवात जीव येई.

अशात शंकर नगरातल्या एका बाईनं लेकीच्या लग्नाचे सारे ब्लाउज हिच्यावर सोपवले. जुन्या मालकालेही खबर लागली. त्यानं निरोप धाडला, जमत नसेल तर वापस ये, तुरपाईले जागा आहे. तुरपाई म्हणजे नवशिक्या पोट्ट्याइचं सुई-धाग्याचं काम. हे ब्लाउज बिघडले का वनमाला तिथंच जाऊन बसणार होती. तो निरोप ऐकून हिनं सासूच्या हातात कुलूप-किल्ली दिली. म्हणे, "आई, बाहेरून लावा. पाच वाजेपर्यंत मी आवाज दिला तरी उघडू नका."

हे मले दुर्गात सासरी बसून काय माहीत? मी आपली मे महिन्याच्या भर दुपारी आंब्याची थैली घेऊन माहेरी आली. दाराले कुलूप. आई शेजारच्या सत्यभामाच्या ओट्यावर बसली होती.

"आई, कुलूप काहून?"

"वनमाला घरी नाही."

आत मशीन खडखड चालून राहिली होती.

"मग मशीन कोण चालवून राहिलं?"

"उंदीर," आई म्हणाली आणि पदरानं वारा घेत राहिली.

मले असा राग आला. माहेरवाशीण उन्हातून येते आणि सख्खी आई तिले उंबऱ्याबाहेर बसवते, असं कुठं पाहिलं? मी म्हटलं, "किल्ली दे. मी तुही लेक आहे, का वर्गणीवाली?"

"लेक आहे म्हणून म्हणते, हळू बोल. तुहा आवाज ऐकला का ती उठते. उठली का पुन्हा बसत नाही."

तेवढ्यात मशीन थांबली. आईनं माहा हात धरला. आत बराच वेळ काहीच ऐकू येईना, आणि मग फरशीवर कैची चालल्याचा आवाज आला. आईनं हात सोडला. सत्यभामानं मले पाणी दिलं.

पाच वाजता आईनं कुलूप काढलं. वनमाला घामानं चिंब, केसाइत धागे. मले पाहून तिचं तोंडच उतरलं. "ताई, तुम्ही कधीच्या उन्हात? आई, मले काहून नाही सांगितलं?"

आई तिच्याजवळून सरळ आत गेली. टेबलावरचा जांभळ्या रेशमाचा ब्लाउज उचलला, उलटा केला, खिडकीजवळ नेऊन एकेक शिवण पाहिली. कुठं चूक नव्हती. मी मनात म्हटलं, भेते आणि तरी कैची उचलते, अशी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मले तिचा फार अभिमान वाटला.

आईनं ब्लाउज घडी करून ठेवला. "माह्या वेळेस असं कुलूप कोणी लावलं असतं," ती म्हणाली, "तर मीबी मॅट्रिक झाली असती. पुस्तक उघडलं का पाहुणा हजर. दोनदा फॉर्म भरला होता."

आई मॅट्रिकले बसणार होती, हे मले त्या दिवशी कळलं. वनमालालेही माहीत नव्हतं. मग आई आंबे धुवाले घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनमाला मशीनवर बसली. मी आईच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि बाहेरून कुलूप लावलं. मग ओट्यावर आईजवळ जाऊन बसली. लग्नाचे सारे ब्लाउज हळदीच्या आधी शंकर नगरात पोचेपर्यंत मी दुर्गाले वापस गेली नाही.