नर्मदाच्या डब्यातली पावडर

बेटेगावची नर्मदा जेवणाच्या डब्यात कसलीशी पावडर घालते, अशी कुजबूज दोन वर्षांपूर्वी बोईसरच्या कारखान्यांत सुरू होती. पावडर कुठली, यावर मात्र एकमत नव्हतं. कोणी म्हणे जव्हारकडच्या भगताची. कोणी म्हणे कुठल्याशा कंपनीच्या गोदामातून उचललेली, कारण आमच्याकडे पावडर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर आधी रसायनाचा निळा ड्रम येतो. माझ्या कानावर ही बातमी सकाळी नऊला आली. दुपारच्या चहापर्यंत मी ती पाच जणांना पोचवली. सहाव्याला सांगायला गेलो तर त्यानंच मला ती रंगवून सांगितली. मी आपला तोंडात बोट घालून पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

पण आधी नर्मदा कोण ते सांगतो. विक्रमगडच्या बाजूची, डोंगरातली. पावसावर पिकेल तेवढी नाचणी आणि भात, आणि दिवाळी सरली की नवऱ्यासोबत वीटभट्टीवर. भट्टीवर दोन हंगामांत हात सोलून निघाल्यावर ती म्हणाली, बास. नवरा आनंदा बोईसरला ठेकेदाराकडे गोण्या चढवायला लागला आणि ही चार डबे करू लागली. चाराचे बत्तीस झाले. त्यातला एक माझा. मी टाइम ऑफिसातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, स्वयंपाकात चहापलीकडे मजल नाही. शिवाय डबा घ्यायला रोज जुन्या कारखान्यात गेलं की चार बातम्या मिळतात, हा वरचा फायदा.

तो जुना डबा काय वर्णावा! वांग्याच्या तर्रीत डोकावून भांग पाडून घ्यावा. चार चपात्या, लोणच्याचा गोळा, तळलेला पापड, बुधवारी सुका बोंबील. जेवण झालं की माणूस मशीनला टेकून डुलक्या काढी, आणि सुपरवायझरही त्याच डब्याचा असल्यामुळे कोणी कोणाला बोलत नसे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी डबा उघडला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. तर्री गायब. लोणच्याच्या जागी लिंबाची फोड. पापडाच्या जागी काकडी. चपात्या दोन आणि नाचणीची भाकरी एक. बोंबील तर असा नाहीसा झाला, जसा त्याचा आणि डब्याचा कधी संबंधच नव्हता. शेवग्याचा पाला, मूग, दुधी, पुन्हा पाला. आनंदा पूर्वी गोण्यांच्या कामावर जाताना उधारीच्या स्कूटरवरून डबे पोचवायचा, तोही आता सायकल मारत येऊ लागला. त्याला विचारलं तर म्हणे, मी पोचवणारा, शिजवणारीला विचारा. शिजवणारीला विचारलं तर ती म्हणे, भाजी ताजी हाय, खा.

बत्तीस जण रोज "उद्यापासून बंद" म्हणत आणि रोज डबा चाटून परत पाठवत. दुसरी खानावळ पार पाम गावच्या रस्त्याला, आणि तिथं चालत जाण्याइतका राग कोणालाच आलेला नव्हता.

होळीपर्यंत मजा झाली. आमचा सुपरवायझर हितेश, पालघरहून रोज येणारा, देखभाल विभागातलं ड्रिल मशीन आणून पट्ट्याला नवीन भोक पाडताना सापडला. प्रयोगशाळेतल्या विनोदच्या खणातल्या अॅसिडिटीच्या गोळ्यांची तारीख उलटून गेली. दुपारच्या डुलक्या थांबल्या. पण श्रेय द्यायला कोणी तयार नाही! हितेश म्हणे, सकाळी कोमट पाणी पितो त्याचा हा गुण. विनोद म्हणे, मोबाइल माझी पावलं मोजतो. मी स्वतः माझ्या हलक्या पायांचं श्रेय माझ्या स्वभावाला दिलं होतं.

मग एका रविवारी हितेशच्या बायकोनं, हेतलनं, हौसेनं शाक केलं, वर फरसाण मांडलं. हितेशनं एक घास घेतला आणि म्हणाला, "मीठ फार झालंय." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा. तिनं चाखून पाहिलं, मीठ रोजचंच. फरसाणाची वाटीही त्यानं बाजूला सरकवली. त्याची जीभच बदलली होती, पण हे बायकोला कसं पटावं? तिनं विनोदच्या दीपिकाला फोन केला. दीपिका म्हणाली, आमच्याकडेही तेच, लोणच्याची बरणी तशीच पडून आहे. बाहेरच्या बाईचा मिळमिळीत डबा गोड लागतो आणि घरचं खारट, म्हणजे त्या बाईनं नक्की काहीतरी घातलंय. सोमवारी पावडर बोईसरला पोचली. पुढचं वाटप मी केलं, ते कबूल.

दुसऱ्या गावची माणसं असती तर भांडली असती, नाहीतर गप्प बसली असती. आमची माणसं रसायनाच्या वसाहतीतली. विनोदनं नर्मदाची आमटी नमुन्याच्या बाटलीत भरली, वर लेबल लावलं, बॅच नंबर टाकला आणि रंगांच्या नमुन्यांच्या रांगेत ठेवली. तुलनेसाठी कँटीनची आमटीही घेतली. दोन दिवसांनी विश्रांतीच्या खोलीत कागद चिकटला: अनोळखी पदार्थ आढळला नाही. मीठ कँटीनपेक्षा निम्म्यानं कमी. तेल एक तृतीयांश.

आता मंडळींनी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. उलट भडकली. पावडर होती तोवर आपल्याला काहीतरी जादा मिळतंय असं वाटत होतं. कमी मिळतंय हे कागदावर आल्यावर सगळ्यांचा एकदम अपमान झाला.

रविवारी आठ जण नर्मदाच्या दारात. नववा मी, साक्षीदार म्हणून. ती उंबऱ्याशी बसून शेवग्याचा पाला खुडत होती. आनंदा मागे भिंतीला टेकून उभा.

हितेश म्हणाला, "ताई, आम्ही काही बोललो नाही आजवर. पण आमच्या वाटचं तेल जातं कुठे? उद्यापासून लोणचं, पापड, तर्री पहिल्यासारखी. नाहीतर बत्तीस डबे बंद."

बत्तीस डबे बंद म्हणजे पुन्हा वीटभट्टी, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. आनंदानं खाली पाहिलं. नर्मदा उठली, आत गेली आणि लोणच्याची बरणी, तेलाची पिशवी, मिठाचा पुडा असं तिन्ही आणून हितेशच्या पायाशी ठेवलं.

"हे न्या, हितेशभाई. ज्याला पायजे त्यानं आपल्या ताटात घाला, मी इचारायची नाय. पातेल्यात मी घालायची नाय. डबे बंद करायचे तं करा. आमी भट्टीवर जाऊ."

"एवढा हट्ट कशाला, गं?" मी विचारलं.

"काका, तुमी पाला खुडाय बसता का?"

मी बसलो. बाकीचे जिंकल्यासारखे बरणी घेऊन गेले.

सोमवारी हितेशनं आमटीत चमचाभर तेल ओतलं, मीठ भुरभुरलं, लोणचं कालवलं आणि सगळ्यांदेखत जेवला. तीन वाजेपर्यंत तो पाण्याच्या नळाशी पाच वेळा दिसला. मंगळवारी चमचा अर्धा झाला. गुरुवारी कोणी पिशवी उघडली नाही आणि शनिवारी बरणीत नटबोल्ट होते. चार जणांनी डबा बंद केला आणि पामच्या रस्त्याला गेले. महिनाभरात तीन परत आले. चौथ्याची बदली झाली, म्हणून त्याचं काही सांगता येत नाही. त्याच्या जागी दोन नवीन लागले.

गेल्या वर्षी आनंदानं गोण्यांचं काम सोडलं. तो आता बायकोच्याच हाताखाली असतो. ठेकेदाराची भीती उरली नाही, तेव्हा त्यानं मला सांगितलं.

त्या दसऱ्याच्या आधी गोण्या चढवताना त्याला घेरी आली होती. डॉक्टरनं रक्तदाब मोजला आणि मीठ, तेल, लोणचं, पापड, सुकी मासळी कमी करायला सांगितली. ठेकेदाराला कळलं असतं तर त्यानं त्याला काढलं असतं, म्हणून दोघं गप्प बसली. नर्मदानं आठवडाभर त्याचं वेगळं पातेलं लावून पाहिलं. पण तो चोरून डब्यांच्या पातेल्यातलं खायचा. मग तिनं सगळ्यांसाठी एकच पातेलं लावलं, त्याचं.