वहिवाट राखण्यासाठी धावलेलं वर्ष

मी धावायला लागलो तो तब्येतीसाठी नाही. साडूच्या नाकावर टिच्चून धावायला लागलो.

आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी शाळेत शिक्षक, दर महिन्याला पगार, इस्त्रीचे कपडे. माझं तसं नव्हतं. सायकलला बियाण्याच्या पिशव्या बांधून मी गावोगाव फिरलो, तेव्हा कुठे आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान उभं राहिलं आणि पैनगंगेच्या अंगाला काळ्या मातीचं शेत घेता आलं. त्याला लागून असलेलं शेत विकायला निघालं तेव्हा मी महिनाभर भाव पाडत बसलो होतो. साडूंनी एका बैठकीत, एक शब्द न घासता, ते उचललं. हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या शेतातून गावाकडून नदीकडे जाणारी एक तिरपी पायवाट होती. माझ्या शेतात जायची तीच जवळची वाट. साडूंनी ती नांगरून टाकली आणि दोन्ही तोंडांना बोरीच्या काट्या लावल्या. मी तावातावाने मंडल ऑफिसात गेलो. तालुक्यांची मंडलं होऊन पटवारी हे पद केव्हाच मोडलं होतं, पण जमिनीचं काम पाहील त्याला आमच्याकडे पटवारीच म्हणत. हा पटवारी तेलुगू माणूस. माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"नक्शे में रास्ता नहीं है, शेठ. वहिवाट दिखाओ. चलता रास्ता होना."

"कल तक चल रहा था! उसपे नांगर फिराया उन्होंने."

"तो चलाओ. साल भर चलाओ. अगले पाडवे को मैं मौके पे आके देखता."

वहिवाट हा निजामाच्या काळापासून आमच्या कचेऱ्यांमध्ये टिकलेला शब्द. त्याचा अर्थ मला व्यवहारातला वाटला आणि आवडला. वाट कागदावर असो नसो, पायाखाली असेल तोवर ती वाट. गवत उगवलं की शेत. मी तिथल्या तिथे ठरवलं, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी, काट्या बाजूला सारून, त्या वाटेने नदीपर्यंत जायचं आणि यायचं. वर्षभर.

सुरुवातीला चालत जायचो. पण साडू सकाळी शेतात असायचे, आम्ही तिथेच भांडायला लागायचो आणि दुकान उघडायला उशीर व्हायचा. म्हणून धावायला लागलो. धावणाऱ्या माणसाला भांडायला दम उरत नाही.

आदिलाबादच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "ले जाओ, मगर दुबारा मत आना." मुलाची हाफ पँट घातली. बायको चहाचा कप हातात धरून बघत राहिली.

"हे या वयात?"

"वाटेसाठी."

"वाट तं भाऊजीच्या घरची हाय. तुमी पाय काऊन दाखवता गावाले?"

गावातही तेच. त्या काळात आमच्याकडे पळत सुटायचे ते पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, नाहीतर ज्याचं जनावर सुटलंय तो. पहिल्याच आठवड्यात पारावरून एक म्हातारा ओरडला, "शेठ, काऊन पळून राह्यले? कोन मांगं लागलं?"

"कोनी नाही!"

"मंग थांबा ना! आमालेच पाहून धाप लागली."

उन्हाळ्यात साडूंच्या नांगरटीत ढेकळं होती. पाय मुरगळायचा. नदी दूरच, शेताच्या मध्यावरच छाती फुटायला यायची. तेव्हा मला आपला धंदा कामी आला. मी माझ्या दमाशी घासाघीस करू लागलो. दम म्हणायचा, इथेच बस. मी म्हणायचो, त्या पळसापर्यंत चल. तो कसाबसा तयार झाला की मी पळसाजवळ पोचून भाव वाढवायचो, आता मोहापर्यंत. गिऱ्हाईक कितीही चिवट असलं तरी त्याला दुकानातून जाऊ द्यायचं नसतं. पावसाआधी मी न थांबता नदीला हात लावून आलो. हे कोणाला सांगावं ते कळेना. शेवटी साडूंनाच सांगितलं, काट्यांच्या पलीकडून, जाता जाता. ते म्हणाले, "पाणी पेले का नाही? उन्हाचं पळता." मला राग आला. त्यांनी तसं बोलायला नको होतं.

मृगात त्यांनी कपाशी पेरली. अंकुर दिसायला लागल्यावर मी दोन तासांच्या, म्हणजे पेरणीच्या दोन ओळींच्या मधून, पाऊल मोजून टाकत पळायचो. पीक तुडवलं असा बोल मला लावून घ्यायचा नव्हता. मग पावसाची झड लागली. काळ्या मातीत पावसाचं धावणं काय असतं ते तिकडच्याच माणसाला ठाऊक. दहा पावलांत प्रत्येक बुटाला भाकरीएवढा चिखल, विसाव्या पावलाला बूट जमिनीत आणि पाय बाहेर. एकदा तर मी अनवाणीच पुढे गेलो आणि दोन्ही बूट उपसायला परत आलो. तेव्हापासून तेवढा तुकडा मी धुऱ्यावरून जाऊ लागलो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिथे मुरूम होता, गवत होतं, पाय टिकायचा. पेरणीनंतर साडूंनी त्यांच्या बाजूने धुऱ्यालाही काट्या लावल्या होत्या, म्हणून मी माझ्या बाजूने पळायचो. माझ्या तुरीची कडेची ओळ आडवी यायची, ती काढून टाकली. दगड उचलून बाजूला लावले. पावसापुरतं, असं मनाशी म्हटलं.

पाऊस गेला. कपाशी छातीला लागली, पहाटे दवाने भिजलेली असायची, आणि मी धुऱ्यावरूनच पळत राहिलो. कारण तोवर माझं लक्ष त्या शेतात राहिलंच नव्हतं.

नदी गाठून झाली होती. नदीपलीकडे काय, हे मला कधी सुचलं नव्हतं. पलीकडे महाराष्ट्र, तिथे माझी गिऱ्हाइकं, एवढंच माहीत. दसऱ्यानंतर पाणी गुडघ्याखाली आलं, तेव्हा मी बूट गळ्यात बांधून उतारावरून नदी ओलांडली आणि बघितलं तर समोरच्या काठावर वाटांचं जाळं होतं. आयुष्यभर मी रस्त्यांवरून फिरलो, पण वाट कोण पाडतं याचा विचार केला नव्हता. आता रोज एक वाट धरून बघायचो. गुरांच्या वाटा टेकडीला आडव्या जातात, चढ टाळत, एकीखाली एक अशा पायऱ्यांसारख्या. माणसाची वाट सरळ कापत जाते आणि मध्येच एखाद्या दगडाशी रुंद होते, कारण तिथे सगळे भारा टेकवतात. रानडुकराची वाट बाहेरून दिसतच नाही. झुडपात गुडघ्याएवढ्या उंचीचं भोक असतं, वाकून बघितलं की आत लांबच लांब बोगदा. मी एकदा रांगत थोडा आत गेलो. बाहेर आलो तर एक गुराखी काठीवर हनुवटी टेकून उभा.

"काही हरपलं का?"

"नाही. कोठी जाते ते पाहून राह्यलो."

"डुकराच्या घरी जाते, शेठ. पाहुणे म्हनून चालले का?"

दुकानाच्या दारातून नदीपलीकडची एक टेकडी दिसायची. तिच्या माथ्यावर एकच झाड. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी ती टेकडी बघितली होती आणि तिच्यामागे काय असेल हे कधी मनात आलं नव्हतं. हिवाळ्यात ती चढायचीच असं ठरवलं. पहिल्यांदा सागवनात चुकलो. वाळलेल्या सागाच्या पानांवर धावताना एवढा आवाज होतो की मागून दुसरं कोणी धावतंय असं वाटतं. मी थांबलो की तोही थांबायचा. दुसऱ्यांदा वर पोचलो. मागे दुसरी टेकडी होती. तिच्यावर झाड नव्हतं. मी खूप वेळ तिच्याकडे बघत बसलो. खाली माझ्या दुकानाचं टिनाचं छप्पर चकाकत होतं. इतकं लहान, की मी भाव लावला असता तर पडेल भावच लावला असता. त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

शिमग्याच्या सुमारास मोहाची फुलं पडायला लागली आणि एका पहाटे मोहाखाली अस्वल होतं. पाठमोरं, बसून, एकेक फूल उचलून खात होतं. आपलीच पंगत आहे असं समजून निवांत. मी मागच्या मागे, एकही पान न वाजवता, इतका हळू निघालो की ते धावणं मोजता येणार नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने ते बहिणीला सांगितलं. दोघी बहिणींचं बोलणं या सगळ्या भांडणात एक दिवसही बंद नव्हतं, भाजीची वाटी इकडून तिकडे चालूच होती. संध्याकाळी साडूंच्या घरून निरोप आला: "शेठले म्हना, टॉर्च घेऊन जात जा."

पाडव्याला पटवारी आला. मी धुतलेलं धोतर नेसून त्याला शेतावर नेलं. साडू आधीच येऊन उभे होते. कपाशी कापून झाली होती, त्यांचं शेत मोकळं. मी हात लांब करून तिरपी रेघ दाखवली. "ये देखो."

तिथे काही नव्हतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांची खुंटं होती आणि गवत होतं.

पटवारी माझ्या हाताकडे बघत नव्हता. तो धुऱ्याकडे बघत होता. माझ्या बाजूला, तुरीची ओळ होती तिथून, चांगली घट्ट, पांढरी पडलेली, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकतील अशी वाट नदीपर्यंत गेली होती. नुसती माझ्या पायांनी एवढी पडणं शक्य नव्हतं. मी बघत असतानाच दोन बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन तिच्यावरून आल्या, मागे एक सायकलवाला. सगळं गाव त्या वाटेने जात होतं आणि त्यांच्यातून रोज धावत असून मी ते पाहिलं नव्हतं. माझं लक्ष पलीकडच्या टेकडीवर होतं.

"ये तो पक्की वहिवाट है, शेठ," पटवारी खूश होऊन म्हणाला. "जमीन किसकी है?"

साडू म्हणाले, "त्यायचीच हाय."

"अरे मी पावसापुरतं गेलो होतो!" मी ओरडलो. "यानं काट्या टाकल्या म्हणून!"

"मी नाही म्हनलं का?" साडू म्हणाले. "वर्सभर पायानं कबूल करत होते, आता तोंडानं काऊन नाही म्हनता?"

पटवारी हसला आणि वाट माझ्या शेतातून लिहून घेऊ लागला. मी त्या दोघांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी घासाघीशीवर आलो. धुऱ्याच्या निम्म्यात वाट धरा, निम्मी त्यांच्याकडून जाऊ द्या. साडूंनी नकाराची मान हलवली. त्या माणसाला भाव करता येत नाही, म्हणून तो कधी हरत नाही. हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. जुनी तिरपी वाट हीच खरी वाट होती. मी कोणालाही दाखवून देईन.

दुसऱ्या दिवशी नवा सालदार, पाडव्यापासून वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, नांगर घेऊन शेतात आला. मी त्याला धुऱ्याशी नेलं. ही वाट उलटून टाकायची, असं मी रात्री ठरवलं होतं. शेत माझं, नांगर माझा, मग बघू वहिवाट कशी राहते. बैल जुंपून झाले. तेवढ्यात नदीकडून एक बाई आली. डोक्यावर भारा, मान ताठ, घामाने चेहरा चमकत होता. मी वाटेच्या मधोमध उभा होतो. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"सरका ना, भाऊ."

ती कुठून आली असेल? नदीपलीकडे मी ओळखत होतो ती सगळी गावं टेकडीच्या अलीकडे होती आणि हिच्या लुगड्याला लाल माती होती. आमच्याकडे लाल माती नाही. मी सरकलो.

"कोनत्या गावची, बाई?"

तिने मान न वळवता हात मागे करून टेकडी दाखवली. "तिच्या मांगची," म्हणाली आणि गेली.

सालदार कासरा धरून उभा होता. "कोठून घालू, मालक?"

"वाट सोडून घाल," मी म्हटलं. "दोन हात सोड."

तो बैलांना वळवायला लागला. दोन हात म्हणजे नदीपर्यंत केवढी जमीन!

"थांब. दीडच सोड."

"दीड हात बैलाले कसा सांगू?" तो म्हणाला आणि त्याने दोन हात सोडून नांगर घातला.