ज्याच्या बातमीत मी रडली, त्या आश्रमाची दोन दिवसांची चक्कर

आईनं मोबाईल माह्या हातात दिला अन् म्हणे, "हे पाय. अन् उद्या जाऊन शोभाले घेऊन ये."

एका न्यूज चॅनलचा व्हिडिओ होता. लाल अक्षरं, ढणढण म्युझिक, खाली हिंदीत पट्टी: "आश्रम में कैद औरतें!" मागं जे गेट दिसत होतं ते आम्ही ओळखतो. इकडे मध्यप्रदेशात, सौंसरच्या पुढं, मोहगावच्या अलीकडे. शोभामावशी, म्हणजे आईची लहान बहीण, तिथं चार वर्षांपासून स्वयंपाकघर सांभाळते. पगार मिळते, राहायले खोली आहे. नवरा सोडून गेल्यावर तिनं स्वतःच शोधलेलं काम.

आश्रमाचं अन् महाराजांचं नाव मी लिहत नाही. त्यायच्यावर केस चालू आहे म्हणते, अन् त्यायले मानणारे पण लय आहे. मी निकाल द्यायले बसली नाही. मले जे दिसलं ते लिहते.

माह्याबद्दल एवढंच. मी सतरा वर्षांची. नववीत शाळा सोडली. वर्गात उभं केलं की उत्तर येत असलं तरी तोंडातून शब्द निघे नाही, डोळ्यातून पाणी निघे. पोट्ट्या हसत. आता पांढुर्ण्यात मामाच्या ऑनलाइन सेंटरवर लोकायचे फॉर्म भरते. टाइप करताना मले लाज वाटत नाही.

तं आई कपाशीच्या जिनिंगवर कामाले जाते, तिले सुट्टी नव्हती. म्हणून मी गेली. एकटीनं केलेली ही माही पहिली सफर.

पहिला दिवस

पांढुर्णा बसस्टँडवरून सकाळी सौंसरची प्रायव्हेट बस भेटते. आठच्या आधी गेलं तं खिडकी मिळते, नंतर बोनेटवर बसा. अर्धी बस जामसावळीले हनुमानजीच्या दर्शनाले जाणारी होती. फेब्रुवारी होता, मृग बहाराचा संत्रा तोडणं चालू, रस्त्यानं क्रेटनं भरलेले पिकअप. खिडकी उघडी ठेवा, वास मस्त येते. रस्ता चांगला आहे, मधात थोडे गड्डे.

माह्या बाजूले एक बाई बसली होती. तिले मी आश्रमाचं नाव सांगितलं तं तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"काऊन जातं वं तिकडे? टीव्हीवर नाही पाहिलं काय?"

समोरच्या सीटवरून एक काका वळले. "टीव्हीवाल्याइले काय, पैसे भेटले की कोणाचेही कपडे काढते. देवमाणूस हाय तो."

"तुमची पोरगी पाठवान काय तिथं?" बाई म्हणे.

काकानं तोंड फिरवलं. कंडक्टर म्हणे, "भांडा, पण तिकीट अगोदर घ्या."

सौंसरले उतरून तर्रीपोहा खाल्ला. तीस रुपयात पोट भरते, पण तर्री वेगळी मागा, नाही तं ते डोळे झाकून टाकते. तिथून मोहगावच्या रोडनं शेअर ऑटो. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घाई असली तं जाऊ नका.

गेटसमोर तीन मोटारसायकली अन् एक माईकवाला उभा होता. पांढरा शर्ट, त्याच्या मागं कॅमेरावाला. मी ऑटोतून उतरली अन् माईक माह्या तोंडासमोर आला.

"आप यहाँ किससे मिलने आई हैं?"

मी म्हटलं, "मावशी." म्हणजे मले वाटते म्हटलं. आवाज निघाला की नाही मले माहीत नाही.

"मौसी अंदर है? मिलने देते हैं? डरिए मत, बताइए. आपको डर लग रहा है?"

मी चपलीकडे पाहू लागली. तो तेच तीनदा विचारून राहिला होता, दर खेपेले थोडा जवळ येऊन. नववीच्या वर्गासारखं झालं. डोळ्यातून पाणी आलं.

तेवढ्यात मावशी आतून आली. हाताले बेसन लागलेलं. तिनं माह्या मनगटाले धरलं अन् आत ओढलं. "चाल, जेवण थंडं होऊन राहिलं. तुमी बी चला हो, भाऊ, जेवाले."

तो म्हणे, "नहीं, हमारा हो गया."

आत एक मोठा हॉल आहे, फरशी स्वच्छ, चपला ठेवायले नंबरची टोकनं. मी रुमालानं डोळे पुसत भिंतीजवळ बसली. महाराज आले. माणूस साधा दिसते, सर्दी झाली होती त्यायले. दारूबद्दल जे बोलले ते मले पटलं, बाया माना हलवत होत्या. मग अर्धा तास स्वतःबद्दल बोलले, ते मले नाही पटलं. आश्रमाच्या पाहुणचाराले आलेला एका पेपरचा फोटोग्राफर फिरत होता. त्यानं माह्यासमोर बसून दोन फोटो काढले. मी नको म्हणायच्या आत गेला.

जेवण फुकट आहे. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. चव मावशीच्या हातची, म्हणजे मीठ बरोबर.

"घरी चाल," मी म्हटलं. "आईनं सांगितलं. इथं बाया कोंडते म्हणते."

मावशी हसली. "मले कोण कोंडन? चाबी माह्या कमरेले हाय." तिनं खरंच दाखवली, कोठीघराची. "मी काही महाराजच्या पायाले लागाले नाही आली, बाप्पा. भांडी घासाले आली होती, आता सहा बाया माह्या हाताखाली हाय. घरी येऊन काय करू, तुह्या आईची बोलणी खाऊ?"

तिच्या त्या सहाही बाया मले भेटल्या. दोघी संध्याकाळी सायकलनं आपापल्या घरी गेल्या.

दुसरा दिवस

रात्री मावशीच्याच खोलीत झोपली. सकाळी मावशी म्हणे, मागच्या मळ्यातून संत्रा घेऊन जा घरी. आश्रमाच्या मागं गेली तं नवीन विटाची भिंत. भिंतीच्या त्या अंगाले तीन बाया डोक्यावर क्रेट घेऊन नाल्यातून येऊन राहिल्या होत्या, एक एक पाय सांभाळत. मळ्याचे मालक, वामनकाका, क्रेट मोजायचे सोडून माह्याकडे पाहू लागले.

"तू कालची रडणारी पोट्टी ना?"

मले वाटलं जमीन फाटावी. त्यायनं मोबाईल दाखवला. चॅनलवर आलं होतं. माह्या चपला, माहं पाणी, मग मावशीचा हात अन् मी आत जाताना. पट्टी: "भाँजी को घसीटकर अंदर ले गए." मावशीचं "तुमी बी चला जेवाले" कुठंच नव्हतं.

"मी लाजते म्हणून रडली," मी म्हटलं.

"थे मले दिसलंच," काका म्हणे. "लाजणारं माणूस खाली पाहते. भेलेलं माणूस इकडे तिकडे पाहते."

मग त्यायनं भिंत दाखवली. शेतात बैलगाडी जायचा जुना रस्ता, आमच्याकडे त्याले पांदण म्हणते, तो नेमका त्या भिंतीखाली गेला. पिकअप आता मळ्यापर्यंत येत नाही. म्हणून बाया नाल्यातून.

"तुम्ही सांगितलं नाही काय कोणाले?"

"दोन पत्रकार आले, पोरी. एक म्हणे, बाबा, आतमधी बाया कोंडते काय? म्या म्हटलं, थे मले नाही माहीत, माही पांदण कोंडली थे माहीत हाय. तो म्हणे, थे तहसीलीचं काम हाय, आमची बातमी नाही. दुसरा पेपरवाला. तो म्हणे, महाराज आले अन् तुमच्या विहिरीले पाणी आलं असं सांगा. म्या म्हटलं, पाणी माह्या आज्यापासून हाय, तवा महाराज जन्मले बी नव्हते." काका मोठ्यानं हसले अन् परत क्रेट मोजायले लागले. "दोघायनं बी चहा पेला."

संत्र्याचे पैसे घेतले नाही त्यायनं. पिशवीभर दिला.

दुपारच्या बसनं मी परत आली. मावशी आली नाही. आई माह्यावरच चिडली.

घरी आल्यावर

तिसऱ्या दिवशी पेपर आला. मामानं सेंटरवर माह्यासमोर ठेवला. आश्रमाच्या शुभेच्छांच्या जाहिराती दोन पानं, अन् मधात माहा फोटो. "दर्शनाने तरुणीच्या डोळ्यांत आनंदाश्रू." तेच पाणी. मामा म्हणे, "एका रडण्यात दोन बातम्या. आपल्याले एक पैसा नाही."

मले हसू नाही आलं, कारण तेवढ्यात मावशीचा फोन आला.

आश्रमाचा मॅनेजर तिले म्हणत होता की तुह्या भाचीमुळं बदनामी झाली. आता भाचीनंच व्हिडिओ बनवून सांगावं की इथं सगळं उत्तम आहे. नाही तं दोन दिवसात खोली खाली करायची.

"बोलून टाक वं," मावशी म्हणे. "दोन वाक्यं हाय. माही चार वर्षं हाय याच्यात."

मजकूर पण पाठवला होता मॅनेजरनं. "आश्रमात सर्व काही उत्तम आहे."

मी दार लावून कपाटाकडे तोंड करून व्हिडिओ काढला. माणूस समोर नसलं की जमते. अकरावेळा काढला. सगळं उत्तम आहे, हे वाक्य दर खेपेले नाल्यातल्या त्या बायांजवळ येऊन अटकत होतं. शेवटी मले जे येत होतं ते बोलली. माह्या मावशीले कोणी कोंडलं नाही. मी लाजरी आहे म्हणून रडली, भीती नव्हती, भक्ती पण नव्हती. अन् मागची पांदण भिंत बांधून बंद केली आहे, बाया नाल्यातून क्रेट नेते.

मॅनेजरले पाठवला. चॅनलवाल्याले पण, त्याच्या पानावर नंबर होता.

आश्रमाच्या ग्रुपवर पहिलं वाक्य फिरलं, फक्त पहिलं. चॅनलवर शेवटचं फिरलं, "भाँजी ने खोली पोल". पण मॅनेजरनं पूर्ण ऐकलं होतं. चौथ्या दिवशी मावशी एक पेटी अन् दोन थैल्या घेऊन आमच्या दारात उभी. आई खुश. मावशी माह्याशी एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी तोच माईकवाला आमच्या गल्लीत आला. "कैद से छूटी मौसी" त्याले पाहिजे होती. मी आतच राहिली. मावशी पदर खोचून दारात गेली.

"मले कोणी सोडवलं नाही," ती म्हणे. "मले कामावरून काढलं. खरं बोलली पोरगी म्हणून काढलं. अन् ज्यायनं काढलं त्यायच्या घरचं मी चार वर्षं खाल्लं, थे बी चांगलं होतं. हे सगळं दाखवशीन?"

तो म्हणे, "मौसीजी, थोड़ा छोटा करके..."

"छोटं नाही होत."

ते कुठंच नाही आलं. आम्ही आठ दिवस पाहिलं.

तुम्हाले जायचं असलं तं जा. जायले यायले अन् खायले मिळून दीड-दोनशे रुपये लागते. हॉल पहा, जेवण करा, भाजीची चव आता कशी आहे मले माहीत नाही. मग भिंतीच्या मागून एक चक्कर मारा. मी हे लिहेपर्यंत पांदण बंदच आहे. वामनकाका तहसीलीत अर्ज घेऊन गेले होते, तो मीच टाइप करून दिला.

मले ह्या सफरीतून काय उरलं, तं हे की दोन्हीकडचे लोक माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते अन् कोणालेच माहं ऐकायचं नव्हतं. अन् दुसरं, की माह्या एका वाक्यानं मावशीची खोली गेली. रोज सकाळी ती कामाची चौकशी करायले निघते, केटरर्सवाल्यांकडे, मेसवाल्यांकडे. ती चपला घालते तेव्हा मी तिले पाहते.

काल ती सेंटरवर माह्या बाजूले स्टूलवर येऊन बसली. पहिल्यांदा. हे सगळं तिले वाचून दाखवलं. मीठ बरोबर असते असं लिहलं तिथं तिनं मान हलवली.

मी विचारलं, "मावशी, राग आहे काय?"

"हाय," ती म्हणे. "पण थे पांदणचं वाक्य काटू नको."